युरोपच्या प्रवासात हॉटेलचे ‘दुसरे कार्ड’ कितपत उपयोगी?

युरोपच्या सहलीचा खर्च मांडायला बसले की विमानाच्या तिकिटाच्या बरोबरीने मोठा आकडा दिसतो तो राहण्याचा. पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा झुरिचसारख्या शहरांत मध्यम प्रतीच्या हॉटेलातील एका खोलीसाठी रात्रीला १५० ते २०० युरो मोजावे लागणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. साहजिकच हॉटेल कंपन्यांच्या लॉयल्टी योजनांकडे मध्यमवर्गीय प्रवाशांचेही लक्ष वळले आहे. कामानिमित्त मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू अशा फेऱ्या करणाऱ्या अनेकांकडे एखाद्या मोठ्या हॉटेल साखळीचे सदस्यत्व असतेच. घोडे अडते ते युरोपात. ओळखीची साखळी नेमक्या हव्या त्या गावात नसते, असली तर विमानतळाजवळ असते आणि शहराच्या मध्यभागी असली तर परवडत नाही. अशा वेळी दुसऱ्या साखळीचे सदस्यत्व घ्यावे का, घेतले तर कोणते आणि त्यातून पदरात नेमके काय पडते, हे प्रश्न उभे राहतात.

त्यांचे थोडक्यात उत्तर असे की, दुसरे सदस्यत्व जरूर घ्यावे. मात्र ते पहिल्यापेक्षा वेगळ्या निकषांवर निवडावे. पहिले कार्ड वर्षानुवर्षे पॉइंट जमवण्यासाठी असते. दुसरे कार्ड त्याच सहलीत वापरून संपवण्यासाठी असते. हा भेद लक्षात न घेतल्यास सवलतीच्या मागे धावताना खर्च वाढतो आणि पॉइंट मात्र न वापरताच मुदतबाह्य होतात.

योजनांचा उगम

हॉटेलांच्या लॉयल्टी योजना मूळच्या अमेरिकेतल्या. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठी ‘ॲडव्हांटेज’ योजना सुरू केली. तिचे यश पाहून १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी, तर १९८७ मध्ये हिल्टनने आपापल्या योजना आणल्या. या योजनांचा आराखडा अमेरिकेतील व्यावसायिक प्रवाशासाठी बेतलेला होता. वर्षातील पन्नास-साठ रात्री घराबाहेर काढणारा, बिल कंपनीच्या खात्यावर टाकणारा आणि प्रत्येक शहरात एकाच नावाची पाटी शोधणारा हा ग्राहक होता.

आजही या योजनांची रचना फारशी बदललेली नाही. मॅरियटच्या ‘बॉनव्हॉय’ योजनेत १० रात्रींनंतर सिल्व्हर, २५ रात्रींनंतर गोल्ड आणि ५० रात्रींनंतर प्लॅटिनम दर्जा मिळतो. मोफत न्याहारीसारखी खऱ्या अर्थाने पैसे वाचवणारी सवलत प्लॅटिनमपासून सुरू होते. तीन-चार वर्षांतून एकदा युरोपला जाणाऱ्या कुटुंबाला नव्या साखळीत एका वर्षात ५० रात्री काढणे शक्य नाही. म्हणूनच दुसऱ्या सदस्यत्वाचा विचार करताना वरच्या पायऱ्यांवरील आकर्षक सोयींची यादी बाजूला ठेवलेली बरी.

युरोपचे गणित वेगळे

अमेरिकेच्या तुलनेत युरोपात साखळी हॉटेलांचा वाटा बराच कमी आहे. इटली, ऑस्ट्रिया, ग्रीस अशा देशांत पिढ्यान्पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेली छोटी हॉटेले आणि पेन्शन यांचे प्राबल्य आहे. ज्या साखळ्या आहेत, त्यांतही प्रत्येकीचा प्रदेश ठरलेला आहे.

फ्रान्सच्या अकॉर समूहाचे उदाहरण घेता येईल. पॉल द्युब्रुल आणि जेरार पेलिसाँ यांनी १९६७ मध्ये लील शहराजवळ पहिले नोव्होटेल उघडले. १९७४ मध्ये बोर्दो येथे पहिले इबिस सुरू झाले. आज सोफिटेल, पुलमन, नोव्होटेल, मर्क्युअर, इबिस अशी अनेक नावे या एकाच छत्राखाली आहेत. फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतील मध्यम शहरांत, विशेषतः रेल्वे स्थानकांच्या आसपास, त्यांपैकी एखादी पाटी हमखास दिसते. स्पेनमध्ये मेलिया आणि एनएच या मातबर साखळ्या आहेत. मेलियाची सुरुवात १९५६ मध्ये मायोर्का बेटावरील पाल्मा येथे, तर एनएचची १९७८ मध्ये पाम्प्लोना येथे झाली. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या उत्तरेकडील देशांत स्कँडिकचे जाळे आहे. रॅडिसनची युरोपीय मुळेही तिकडचीच. कोपनहेगनमध्ये १९६० साली आर्ने याकबसन या वास्तुविशारदाने उभारलेले रॉयल हॉटेल आज त्याच समूहात आहे.

उलट हयातसारखी अमेरिकी साखळी युरोपातील मोठ्या शहरांत असली, तरी लहान गावांत क्वचितच आढळते. मॅरियटने युरोपात पाय रोवण्यासाठी २०११ मध्ये स्पेनच्या एसी हॉटेल्सशी भागीदारी केली आणि २०१४ मध्ये मिलानच्या माल्पेन्सा विमानतळाजवळ ‘मॉक्सी’ हा स्वस्त प्रकार सुरू केला. त्यामुळे जाळे वाढले. तथापि फ्रान्समधील एखाद्या छोट्या गावात आजही मॅरियटपेक्षा इबिस सापडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

ब्रिटनचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथील सर्वात मोठी हॉटेल साखळी प्रीमियर इन. पण तिने सामान्य ग्राहकांसाठी पॉइंटांची योजनाच ठेवलेली नाही. स्वच्छ खोली आणि माफक भाडे एवढ्यावरच तिचा धंदा चालतो. सदस्यत्व नसले म्हणून सौदा वाईट ठरत नाही, हे यातून स्पष्ट व्हावे.

थेट बुकिंगला स्वस्त दर का?

दुसऱ्या सदस्यत्वाचा सर्वात रोकडा फायदा पॉइंटांचा नसून ‘सदस्य दरा’चा आहे. साखळीच्या संकेतस्थळावर मोफत नोंदणी केली की पहिल्याच बुकिंगवर जाहीर दरापेक्षा काही टक्के कमी भाडे दिसू लागते. ही सवलत देण्यामागे व्यवहार आहे. प्रवासी संकेतस्थळामार्फत आलेल्या ग्राहकामागे हॉटेलला भाड्याच्या १५ टक्के किंवा त्याहून अधिक रक्कम दलाली म्हणून द्यावी लागते. तोच ग्राहक थेट आला, तर त्यातील काही भाग त्याला देऊनही हॉटेलचा फायदाच असतो.

पूर्वी यात एक अडसर होता. ‘आमच्यापेक्षा कमी दर तुमच्या संकेतस्थळावर जाहीर करू नका’ अशी अट बडी प्रवासी संकेतस्थळे हॉटेलांना करारातच घालत. युरोपात या अटीविरुद्ध दीर्घ लढाई झाली. फ्रान्सने २०१५ मध्ये कायद्याने ती रद्द ठरवली. त्यापाठोपाठ ऑस्ट्रिया, इटली आणि बेल्जियम यांनीही तोच मार्ग धरला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२१ मध्ये बुकिंग डॉट कॉमच्या अशा अटीविरुद्ध निकाल दिला. युरोपीय महासंघाच्या डिजिटल बाजारपेठविषयक कायद्यानंतर २०२४ मध्ये या कंपनीने संबंधित युरोपीय देशांतून ही अट मागे घेतली. परिणामी केवळ साखळ्याच नव्हे, तर स्वतंत्र हॉटेलेही आपल्या संकेतस्थळावर कमी दर उघडपणे देऊ शकतात. प्रवासी संकेतस्थळावर हॉटेल शोधावे आणि पैसे भरण्यापूर्वी त्या हॉटेलचे स्वतःचे पान एकदा पाहावे, ही सवय म्हणूनच फायद्याची ठरते.

याच कारणाने बहुतेक साखळ्या प्रवासी संकेतस्थळावरून केलेल्या बुकिंगवर पॉइंट देत नाहीत. गटसहलीच्या घाऊक दरातील मुक्कामही सहसा त्यातून वगळलेला असतो. सहल कंपनीबरोबर बारा रात्री नामांकित हॉटेलांत काढल्या, तरी सदस्याच्या खात्यात काहीच जमा न होण्याची शक्यता जास्त. ज्यांची युरोपयात्रा अशा सहलीनेच होणार आहे, त्यांना दुसऱ्या कार्डाचा उपयोग जवळपास नाही.

निवडीच्या तीन कसोट्या

दुसरी योजना निवडताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ठरलेल्या मार्गावर, चालत किंवा ट्रामने जाता येईल अशा अंतरावर तिची हॉटेले आहेत का? मार्ग आधी आणि कार्ड नंतर, हा क्रम उलटा होता कामा नये. दुसरा, पहिल्या रात्रीपासून काही हाती लागते का? सदस्य दर, मोफत वाय-फाय, उशिरा खोली सोडण्याची मुभा अशा सोयी लगेच मिळत असतील, तर ती योजना कामाची. तिसरा, थोडेच पॉइंट जमले तरी ते खर्च करता येतात का आणि त्यांची मुदत किती?

तिसऱ्या प्रश्नावर योजना-योजनांत मोठा फरक पडतो. अकॉरच्या ‘ऑल’ योजनेत २,००० पॉइंट म्हणजे बिलातून ४० युरोंची सूट, असा सरळ हिशेब अनेक वर्षे चालत आला आहे. मॅरियटने मार्च २०२२ मध्ये पॉइंटांचे ठरावीक तक्ते मोडीत काढले; हिल्टनने त्याही आधी. या दोन्ही ठिकाणी एका मोफत रात्रीसाठी किती पॉइंट लागतील, हे मागणीनुसार बदलत राहते आणि एका सहलीतून तेवढे जमणे कठीण असते. मुदतीचे म्हणाल, तर अकॉरमध्ये शेवटच्या मुक्कामापासून ३६५ दिवसांत नवा मुक्काम न झाल्यास पॉइंट बाद होतात. आयएचजी समूहात प्राथमिक सदस्यांसाठी ही मुदत १२ महिने, तर मॅरियट, हिल्टन आणि हयात येथे खात्यात हालचाल नसल्यास २४ महिने आहे. बेस्ट वेस्टर्नचे पॉइंट मात्र मुदतबाह्य होत नाहीत. युरोपातील अनेक छोट्या गावांत कौटुंबिक मालकीची हॉटेले याच नावाखाली चालत असल्याने क्वचित प्रवास करणाऱ्यासाठी ती योजना विचारात घेण्याजोगी आहे.

अकॉर आणि रॅडिसन यांची हॉटेले भारतातही असल्यामुळे, युरोपात उरलेले पॉइंट परतल्यावर वापरण्याची सोय होते. ज्या साखळीचे भारतात अस्तित्वच नाही, तिचे उरलेले पॉइंट परतीच्या विमानात बसतानाच सोडून दिल्यासारखे असतात.

आकडे काय सांगतात?

समजा, पुण्यातील एक दांपत्य पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोन या मार्गावर बारा रात्री काढणार आहे. कर वगळता रात्रीचे भाडे सरासरी १५० युरो धरले, तर एकूण खर्च १,८०० युरो. सदस्य दराने ५ टक्के सूट मिळाली, तर ९० युरो वाचून बिल १,७१० युरोंवर येते. नोव्होटेल किंवा मर्क्युअरमध्ये दर १० युरोंना २५ पॉइंट या हिशेबाने ४,२७५ पॉइंट जमतात. त्यांतील ४,००० पॉइंटांचे ८० युरो होतात आणि उरलेले २७५ तूर्त निरुपयोगी ठरतात. इबिसमध्ये पॉइंट मिळण्याचा दर निम्मा असल्याने तिथे तेवढ्याच खर्चावर ४० युरोच हाती येतात.

म्हणजे उत्तम परिस्थितीत एकूण लाभ १७० युरोंचा, मूळ खर्चाच्या साधारण साडेनऊ टक्के. ही रक्कम नगण्य नाही. परंतु त्याच गल्लीत १२० युरोंमध्ये स्वच्छ, न्याहारीसह खोली देणारे स्वतंत्र हॉटेल असेल, तर बारा रात्रींत ३६० युरो वाचतात, आणि तेही कोणत्याही कार्डाशिवाय. कार्डासाठी महाग हॉटेल निवडणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड होऊ देणे होय.

न्याहारीचा हिशेब याहून महत्त्वाचा. शहरी हॉटेलात माणशी २० युरो न्याहारीसाठी धरले, तर दोघांचे बारा दिवसांचे ४८० युरो होतात. शाकाहारी प्रवाशांसाठी ब्रेड, चीज, दही, फळे आणि धान्याचे पदार्थ असलेले हॉटेलातील टेबल हे दिवसातील सर्वात भरवशाचे जेवण असते. त्यामुळे न्याहारी भाड्यात धरलेली आहे की नाही, हे पॉइंटांपेक्षा आधी पाहावे. स्कँडिकसारख्या उत्तरेकडील साखळ्यांत ती सहसा भाड्यातच असते. हिल्टनमध्ये गोल्ड दर्जाच्या सदस्याला अमेरिकेत २०२१ पासून न्याहारीऐवजी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रक्कम मिळते. अमेरिकेबाहेर मात्र सदस्य आणि सोबतची एक व्यक्ती यांना न्याहारीची सोय कायम आहे. एकच कार्ड दोन खंडांत वेगवेगळे फळ देते, ते असे.

मुले बरोबर असतील, तर आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. नोव्होटेलमध्ये आई-वडिलांच्या खोलीत राहणाऱ्या १६ वर्षांखालील दोन मुलांना मुक्काम आणि न्याहारी मोफत देण्याची जुनी पद्धत आहे. त्यासाठी कोणताही दर्जा लागत नाही. युरोपातील बऱ्याच हॉटेलांत खोली दोघांपुरतीच असते आणि चौघांना दोन खोल्या घ्याव्या लागतात. हे पाहता ही एक सोय भल्याभल्या सुवर्णकार्डांवर मात करणारी आहे.

दर्जा उसना घेता येतो

पहिल्या साखळीत वरचा दर्जा असलेल्यांसाठी एक पळवाट आहे. काही योजना दुसरीकडचा दर्जा पाहून आपल्याकडे तात्पुरता समकक्ष दर्जा देतात. बेस्ट वेस्टर्न यासाठी पूर्वीपासून ओळखली जाते. काही महागड्या क्रेडिट कार्डांसोबतही एखाद्या साखळीचा मधला दर्जा मिळतो. अशी विनंती बहुधा एकदाच मान्य होते. म्हणून ती घरबसल्या न करता तारखा ठरल्यावर, प्रवासाच्या थोडे आधी करावी. काही बँकांच्या क्रेडिट कार्डांचे पॉइंटही हॉटेल योजनेत वळवता येतात. पण एकदा वळवलेले पॉइंट परत फिरत नाहीत. विशिष्ट हॉटेलची विशिष्ट रात्र उपलब्ध आहे, हे पाहूनच हा व्यवहार करणे शहाणपणाचे.

स्वतंत्र हॉटेलांतच राहणाऱ्यांना साखळीचे कार्ड कामाचे नाही. त्यांच्यासाठी प्रवासी संकेतस्थळांची सदस्यत्वेच दुसऱ्या कार्डाची जागा घेतात. बुकिंग डॉट कॉमच्या ‘जीनियस’ योजनेत सहभागी हॉटेलांत १० टक्क्यांपासून सवलत मिळते आणि बुकिंगची संख्या वाढेल तसा स्तर वाढतो. तरीही हॉटेलच्या थेट दराशी तुलना करणे इथेही आवश्यकच.

व्हिसाआधी पैसे अडकवू नयेत

भारतीय प्रवाशासाठी सर्वात मोठा धोका सवलतीच्या दरातच दडलेला असतो. सर्वात स्वस्त सदस्य दर पुष्कळदा आगाऊ भरायचा आणि परत न मिळणारा असतो. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या व्यवस्थेचा पुरावा जोडावा लागतो; म्हणजे बुकिंग आधी आणि व्हिसा नंतर. व्हिसा नाकारला गेला किंवा उशिरा मिळाला, तर १० टक्के वाचवण्याच्या नादात पूर्ण भाडे बुडते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो झालेले व्हिसा शुल्कही परत मिळत नाही. यासाठी व्हिसा हाती पडेपर्यंत रद्द करता येण्याजोगा सदस्य दरच घ्यावा. तो थोडा महाग असला, तरी पॉइंट त्यावरही मिळतात. नंतर दर उतरल्यास जुने बुकिंग रद्द करून नवे करता येते.

कराकडेही दुर्लक्ष नको. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर आहे, आणि नेदरलँड्समध्ये निवासावरील व्हॅट १ जानेवारी २०२६ पासून ९ टक्क्यांवरून २१ टक्के झाला आहे. पॉइंट सहसा कर वगळून उरलेल्या रकमेवरच मिळतात, आणि पॉइंट देऊन घेतलेल्या रात्रीवरही बऱ्याच शहरांत पर्यटक कर काउंटरवर भरावा लागतो.

पॉइंट ही ठेव नव्हे

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. हॉटेलचे पॉइंट हे बँकेतील पैसे नव्हेत. त्यांना व्याज नाही, हमी नाही आणि नियम बदलण्याचा अधिकार पूर्णपणे कंपनीकडे आहे. रॅडिसनचा अमेरिकेतील व्यवसाय २०२२ मध्ये चॉइस हॉटेल्सने विकत घेतला आणि एकाच नावाच्या हॉटेलांसाठी दोन खंडांत दोन वेगळ्या योजना झाल्या. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड ताब्यात घेतल्यावर तिची लोकप्रिय योजना २०१९ पर्यंत ‘बॉनव्हॉय’मध्ये विरून गेली. कालचे पॉइंट उद्या तेवढ्याच मोलाचे राहतील, याची शाश्वती कोणीच देत नाही.

पहिल्या कार्डाच्या बाबतीत हा धोका पत्करण्याला काही अर्थ असतो, कारण तिथे नियमित मुक्कामामुळे पॉइंट येत-जात राहतात. दुसऱ्या कार्डाबाबत तो पत्करण्याचे कारण नाही. सहलीच्या पहिल्या टप्प्यात मिळालेले पॉइंट जमा होताच शेवटच्या टप्प्यातील बिलात वापरावेत. सदस्य क्रमांक बुकिंगच्या वेळीच नोंदवावा, बिलाची प्रत जपून ठेवावी आणि परतल्यावर महिनाभरात खाते एकदा तपासावे. उरलेच काही, तर मुदतीची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. युरोपातून परतताना खात्यात किती पॉइंट शिल्लक राहिले, यावरून सहलीचे यश मोजायचे नसते. स्थानकापासून चालत जाता येईल अशी खोली, सकाळची पोटभर न्याहारी आणि खर्चात झालेली थोडी बचत एवढे ज्या कार्डाने साधले, त्याचे काम झाले.